उरलेली झील

जगननं ऐकवायला आणलेल्या कॅसेटवरचं गाणं संपलं तरी कॅसेटी काढणाऱ्या भगवानशेठनं टेपचं बटण दाबलं नाही. दोन्ही हातांत चहाची बशी होती आणि चहापुढे त्याला गाणंबिणं काही सुचत नसे. फीत फिरत राहिली. खट् असा आवाज आला आणि एका बाईनं मोकळ्या गळ्यानं झिलेचा शेवट उचलला, "...जी रं जी जी!" मग तीच बाई हसत म्हणाली, "आये, दूध बघ गं, उतू जाईल." पुढं नुसती खरखर.

"हा, असा आवाज पायजे!" भगवानशेठनं बशी खाली ठेवली. "जगनराव, बाई कोण ही? हिलाच आणा ना झिलेला."

"बायको माझी. केशर," जगन म्हणाला. "दोन वर्षं झाली तिला जाऊन."

जगन कोपरला पाण्याच्या टाकीवर वॉल्व्हमन होता. वस्तीत त्याला सगळे पाणीवाला म्हणत, पण जयंतीच्या महिन्यात तोच जगन शाहीर व्हायचा. पेटी, ढोलकी, बेंजो, तुणतुणं, हातात घेईल ते त्याच्याकडून वाजायचं. तो ओळ टाकायचा आणि मागं उभी असलेली केशर त्या ओळीचा शेवट पकडून वर न्यायची. माणसं थांबायची ती त्या झिलेसाठी. हे जगनला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. मग सत्त्याऐंशीत केशर काविळीनं गेली. दुसऱ्या कुणाबरोबर गायचं जगनच्या जिवावर यायला लागलं आणि गाण्याची पार्टी मोडली ती मोडलीच.

तिच्या आवाजाची एकच कॅसेट होती. घरातल्या तालमीची, एकाच गाण्याची. "पुसलं जाईल बरं का," म्हणत केशरनंच त्या कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा दात मोडला होता. दात मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. गेली दोन वर्षं जगन ती कॅसेट शोधत होता. ट्रंक झाली, माळा झाला, शेजाऱ्यांची कपाटंसुद्धा उचकून झाली. केशरच्या आईनं, भीमामामीनं, एकदोनदा विचारलं, "घावली का रे?" मग तिनं विचारायचंच सोडलं.

आता भगवानशेठच्या कल्याणच्या माळ्यावर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चिकटवलेल्या अंड्यांच्या ट्रेकडे बघत बसलेला असताना त्याला सगळं आठवलं. केशर गेली त्या आठवड्यात हे गाणं त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं होतं. ते निसटेल म्हणून तो कॅसेट शोधायला धावला. कोरी एकही नव्हती. एक बिननावाची हाताला लागली, दात मोडलेली. वस्तीतलं शेंबडं पोरही करतं तेच त्यानं केलं. मोडलेल्या दाताच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला, वरून चिकटपट्टी लावली आणि लाल बटण दाबलं. हा दात मोडला कुणी आणि का, हे विचारायची शुद्ध कुणाला होती?

केशरसाठी रडताना त्यानं केशरलाच पुसून टाकलं होतं. त्याचं गाणं तिच्या गाण्यापेक्षा जरासं आखूड पडलं, म्हणून एवढी तरी ती उरली.

"मग झिलेला दुसरी कोण बघू?" भगवानशेठनं विचारलं.

"कुणी नको."

गाणी भरायला चार दिवस जगन सुट्टी टाकून माळ्यावर आला. आधी ढोलकी वाजवली, मग ती हेडफोननं कानात ऐकत पेटी, तिच्यावर बेंजो, मग तुणतुणं. शेवटी गळा.

*नळाला पाणी आलं, हंडा कोण लावी,
दारात ऊन आलं, वाळवण कोण घाली...*

प्रत्येक ओळीनंतर तो थांबायचा. झील भरेल एवढा वेळ नुसतं तुणतुणं वाजत राहायचं.

"अहो, इथं रिकामं लागतंय!" भगवानशेठ वैतागला. "लोक बोलतील, गाणारा विसरला."

"लागू द्या रिकामं. पण शेठ, एक आहे. शेवटच्या गाण्यामागं ती तेवढी ठेवायची. तिचं जी जी, आणि पुढचं बोलणं."

"दुधाचं? कॅसेटवर?"

"नायतर माझी गाणी मला परत द्या."

"ठेवतो," भगवानशेठ म्हणाला. "पण गाणं संपलं की लोक बटण दाबतात, जगनराव. ऐकणार कोण?"

शेठचं खरं होतं. कॅसेट निघाली, वस्तीत घराघरांत वाजली, आणि शेवटची ओळ संपली की प्रत्येक दारातून खट् ऐकू यायचं. जगन गल्लीतून वॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून जाताना ते ऐकायचा. कुणाला थांबवायची त्याला हिंमत झाली नाही. कारण सांगावं लागलं असतं.

घरी ती लावायला त्याला आठवडा लागला. दुपारी भीमामामी तांदूळ निवडत बसली होती. केशर गेल्यापासून ती जगनकडेच राहायची.

"मामी, कॅसेट निघाली," तो म्हणाला आणि बटण दाबून उंबऱ्यावर बसला, तिच्याकडे पाठ करून.

गाणी वाजली. एकेका रिकाम्या जागी मामीच्या बोटांखालचे तांदूळ थांबत, पुन्हा सरकत. शेवटचं गाणं संपलं. मामीला टेपचं बटण कुठलं, काही कळत नसे. फीत फिरत राहिली.

"...जी रं जी जी! आये, दूध बघ गं, उतू जाईल."

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. जगननं डोळे मिटले. आता ती विचारणार, बाकीचं कुठाय रे?

मामी उठली. पदर खोचून स्टोव्हपाशी गेली. स्टोव्ह सकाळपासून विझलेला होता. तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि हळूच परत ठेवलं.

"नाय गं गेलं उतू," ती म्हणाली.