तांदळाएवढी ग्रंथी

काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि तिचा हात थबकला. प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. मेणात बसवलेल्या अवयवांचे पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर चढवायचे, यात तिची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. या खेपेला उंदरिणींच्या मेंदूतली पिनियल ग्रंथी होती. निम्म्या उंदरिणींचे अंडाशय काढून टाकलेले होते, आणि त्यांच्या ग्रंथीतल्या पेशी इतरांसारख्या दिसत नव्हत्या. नवख्यालाही तो फरक कळला असता.

गाठी झाल्या म्हणून तिचेही अंडाशय मागच्या हिवाळ्यात काढले होते. जीव वाचला, पण झोप उडाली. अंगाची लाही लाही व्हायची, नवऱ्यावर उगाच उखडायची. तो बस चालवायचा, भल्या पहाटे उठायचा. एक दिवस त्याने मुकाट्याने आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. तिने त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

आज मात्र तिने हे संशोधन चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलंच, की अंडाशय पोटात, मग डोक्यातल्या ग्रंथीला काय झालं? बाईंनी तिला खुर्ची ओढून दिली. अंधार पडला की ही ग्रंथी शरीराला रात्र झाल्याचं कळवते, आणि अंडाशयातून येणारी संप्रेरकं तुटली की तिलाही ते जाणवतं, एवढं त्यांनी समजावलं. उंदरिणीवरून माणसाचा अंदाज बांधू नका, असंही बजावलं. मग हळूच म्हणाल्या, "तुमची झोप गेलीय ना, ताई? तुमच्या डॉक्टरांना सांगा. यात तुमचा काही दोष नाही."

संध्याकाळी नवरा भाजी निवडत बसला होता. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या घोरण्याने नव्हती उडत तुझी झोप?" त्याने विचारलं.

"असं कोण म्हणालं?"

"मलाच वाटलं. म्हणून तर बाहेर गेलो. तू बोलावशील म्हणून वाट बघत होतो."

तिला हसू आलं, डोळेही भरले. "मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झाले."

त्याने हातातली जुडी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "कुठे असते ही ग्रंथी?"

तिने त्याच्या विरळ केसांतून बोट नेऊन डोक्याच्या मधोमध टेकवलं. "इथून आत. खूप खोल. तांदळाएवढी."

त्याने डोळे मिटले. भाजी मांडीवर तशीच राहिली, आणि तिने बोट काढलं नाही.