दोन दातांची चूक

मी टायमिंग बेल्ट बोलतोय. इंजिनाच्या पोटात बसणारा काळा रबरी पट्टा. आतल्या बाजूने मला दात असतात. इंजिनाचा वरचा दांडा आणि खालचा दांडा एका तालात फिरवायचे, एवढंच माझं काम. ताल चुकला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. माझे भाऊबंद लाख-लाख किलोमीटर निमूट फिरतात. मी पुरते वीस किलोमीटरही चाललो नाही.

साकोलीत अंकुशचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तिथल्या फळीवर मी खोक्यात पडून होतो. एक दिवस सानगडीचा राजकुमार आला. तो सानगडी ते साकोली सवारी गाडी चालवायचा आणि त्या गाडीवरच त्याचं घर चालायचं. जुना बेल्ट तुटण्याआधीच बदलून घ्यावा, इतका तो काळजीवाला माणूस. अंकुशने खोकं उघडून मला उजेडात धरलं, वाकवून पाहिलं आणि म्हणाला, "असली माल आहे. भैय्याजीकडूनच बसवजो. माह्या उस्तादासारखा हात नाही कोणाचा."

भैय्याजी म्हणजे त्याच रस्त्यावरचे मेकॅनिक. पस्तीस वर्षांचं गॅरेज. अंकुश दुकान टाकण्याआधी सात वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

मला बसवायचं काम तसं बारीक. दोन्ही दांड्यांच्या दातेरी चाकांवर छोट्या खुणा असतात, त्या इंजिनावरच्या खुणांशी बरोबर जुळाव्या लागतात. खालची खूण भैय्याजींनी जुळवली. वरची मात्र ते नखाने चाचपत राहिले.

"राजकुमार, थोडा बाजूले हो न. उजेड अडून राहिला."

राजकुमार बाजूला झाला. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन थेट इंजिनावर पडलं होतं. तो अडवत नव्हताच.

वरची खूण दोन दात पुढे गेली होती. मला ते कळलं, कारण माझी एक बाजू ओढली गेली. बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. कव्हर लावण्याआधी भैय्याजींनी पान्याने इंजिन हळूहळू हाताने फिरवलं. प्रत्येक चांगला मेकॅनिक फिरवतो. एका जागी काहीतरी घासलं. त्यांचा हात थांबला. डोळ्यांना दिसलं नाही ते हाताला कळलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"काय झालं, भैय्याजी?" राजकुमारने विचारलं.

"काही नाही," म्हणत त्यांनी कव्हर बसवलं.

गाडी चालू झाली तशी आतून टकटक येऊ लागली. "नवा बेल्ट होय. थोडा बसला का आवाज जाईल," असं त्यांनी सांगितलं. राजकुमारने विश्वास ठेवला. साकोलीतून पाच सवाऱ्या घेऊन तो निघाला. सानगडीच्या अलीकडे चढावर त्याने गाडी जोरात घेतली, आणि आत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले. वरचा दांडा जाम झाला. खालचा मला ओढतच होता. माझे दात एकामागून एक झडले. सवाऱ्या उतरल्या आणि आपापल्या पिशव्या घेऊन धानाच्या बांध्यांच्या कडेने चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजवर आणली. इंजिन उघडलं. भैय्याजींनी मला बाहेर काढलं, बोटं फिरवली आणि राजकुमारला म्हणाले, "बेल्टच खराब निघाला. दात पाह्य कसे झडले."

मी खराब नव्हतो. पण हे सांगणार कोण?

राजकुमारने अंकुशला बोलावलं आणि स्वतः गाडीतलं सामान काढायला बाहेर गेला. अंकुशने मला हातात घेतलं. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"उस्ताद, व्हॉल्व्ह आधी अडकले. दात नंतर झडले. खुणा जुळल्या होत्या न?"

"तू मले शिकवून राहिला का?"

अंकुशने मला उलटं केलं आणि पाठीवरचे पांढरे आकडे पुढे धरले. "कंपनीले कळवतो. नंबर वाचून सांगा न जी."

भैय्याजींनी मला जवळ धरलं, मग लांब, मग तिरपं. "चष्मा घरी राहिला," ते म्हणाले.

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

अंकुश त्यांच्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात राजकुमार आत आला. मला वाटलं, आता हा बोलेल. अंकुश खाली मान घालून म्हणाला, "माल माहाच खराब होता, भाऊ. चूक माही होय." सात वर्षं ज्याने हात धरून शिकवलं, त्या उस्तादाला उघडं पाडणं त्याला जमलं नाही.

त्या एका वाक्याने सगळं बुडालं. सानगडीच्या लोकांनी अंकुशचं दुकान सोडलं. नव्या इंजिनाचा खर्च कोणालाच झेपला नाही; राजकुमारने गाडी भंगारात दिली आणि नागपूरला कुण्या शेठची गाडी चालवायला गेला. लेकरं इकडे, तो तिकडे.

आणि मी? भैय्याजींनी मला गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं आहे. गिऱ्हाईक आलं की दाखवतात, "हे पाहा, आजकालचा माल." लोक माना हलवतात.

काल दुपारी त्यांची बायको कौशल्या डबा घेऊन आली. वाटी शोधणारा त्यांचा हात तिने धरून वाटीवर नेला.

"बंद करा न आता गॅरेज. डॉक्टरनं काय सांगतलं, ध्यानात आहे न?"

"गेली ती नजर वापस येत नाही म्हणे. राहिली तीही जाईल."

"मंग?"

"घरी बसून काय पाहू?"

तिने पोळीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. ज्यांना हे ठाऊक आहे, ते सगळे मायेने गप्प आहेत. वाचणाऱ्या माणसा, तुझ्या ओळखीचा असा कुणी असेल तर तू तरी गप्प बसू नकोस. त्याला दुखेल. दुखू दे.

आज सकाळी एक व्हॅन दारात येऊन थांबली. मागे शाळेची लेकरं बसतात त्या बाकांवर दप्तरांचे चरे होते. ड्रायव्हर खाली उतरला.

"भैय्याजी, ब्रेक लागून नाही राहिले बरोबर. पाहून द्या न."

त्यांनी हात पुसले. आवाज आला त्या दिशेला तोंड वळवून ते हसले.

"ठेवून जा," म्हणाले.