उबदार खोली

मुलं परदेशात आणि आईबाप घरी, असं सगळ्यांचं असतं. आमचं सगळंच उलटं. आमची ठकू तिकडे घरी, नवऱ्यासोबत, शाळेत शिकवते. आणि आम्ही दोघं उतारवयात इथे परमुलखात. हे गोदामात खोकी बांधतात, मी एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी-टॉवेल धुते. तिच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली आणि ती पहिल्यांदाच आमच्याकडे यायला निघाली. जावईबापूंना रजा नव्हती. ती एकटीच येणार म्हटल्यावर तर माझे पाय जमिनीवर ठरेनात.

घरात खोल्या दोनच. लहान खोलीत आजवर आमच्या बॅगा पडून होत्या. तिथेच भिंतीवर पाणी तापवायची गॅसची पेटी आहे. आम्ही तिला बंबच म्हणतो. आंघोळीचं पाणी तोच तापवतो आणि थंडीत घरही तोच गरम ठेवतो. त्याच्याखाली, जमिनीलगत, भिंतीला जाळीचं वाटीएवढं भोक होतं. त्यातून असा बोचरा वारा यायचा की त्या खोलीत जायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. घर दाखवताना मालकाने त्या भोकाकडे बोट दाखवून दाखवून बरंच काही सांगितलं होतं. तेव्हा आम्हाला इथली भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण मान डोलवण्यात ह्यांचा हात कोण धरणार! समोरचा काहीही बोलो, हे आपले मान डोलवणार.

ठकूला तर थंडी मुळीच सोसत नाही. तिच्यासाठी खोली रिकामी केल्यावर मी पहिल्यांदा त्या भोकाचा बंदोबस्त केला. माझी जुनी सुती साडी होती, धुऊन धुऊन मऊसूत झालेली. ठकू तान्ही असताना तिला त्याच साडीत गुंडाळायचे. तिची घडी करून भोकात गच्च कोंबली. ह्यांनी स्टुलावर चढून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली आणि खाली उतरून हात झटकले.

"आता वाऱ्याची काय बिशाद आत यायची," हे म्हणाले.

ठकू आली ती पिशव्या भरभरून लाडू-चकल्या घेऊन. बाहेरच्या गारठ्याने तिचं नाक लाल झालेलं. खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "आई, किती ऊब आहे गं इथे!" मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. इतक्या वर्षांत आम्ही तिला देऊ शकलो असं काही असेल तर ती ती खोली, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली. तिसऱ्या दिवशी त्याहून उशिरा, आणि उठली ती डोकं धरूनच.

"तुझ्याकडे आले की नुसती झोप येते बघ," ती म्हणाली.

"आईच्या घरी झोप लागणारच," मी म्हटलं. हे ह्यांनाही ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं.

दुपारी तिला उलटी झाली. मी मनातल्या मनात झबली शिवायला घेतली. शेवटी राहवेना म्हणून विचारलं, तर माझ्यावरच खेकसली, "काहीतरीच काय, आई! तसलं काही नाहीये." मग प्रवास बाधला असेल, पाणी बाधलं असेल, असं आमचं सुरू झालं. डॉक्टरकडे न्यावं तर नाताळामुळे सगळं कडेकोट बंद. मी तिच्या कपाळाला बाम चोळत बसले. बसल्या बसल्या माझंही डोकं जड झालं. मी ते काळजीवर ढकललं आणि बंब आणखी वाढवला. पेटीच्या छोट्या काचेतून ज्योत दिसते. एरवी ती निळी असते, आता पिवळी दिसत होती, देवापुढच्या समईसारखी. मला ती बरी वाटली.

खिडकीची पट्टी मात्र उशीजवळ सारखी सुटायची आणि मी ती पुन्हा दाबून बसवायचे. "राहू दे ना गं, जरा बरं वाटतं," ठकू म्हणाली. मी ऐकते होय!

नाताळच्या दिवशी सकाळी लाँड्रीतून बोलावणं आलं. हॉटेलात माणसं उतरलेली असली की चादरींना कसली आलीय सुट्टी? निघण्याआधी ठकूच्या खोलीत डोकावले. ती गाढ झोपली होती. गाल छान गुलाबी दिसत होते. मला वाटलं, आज उतार पडला.

"तू जा निर्धास्त," हे म्हणाले. "मी बसतो तिच्याजवळ."

ह्यांचे गुडघे थंडीत फार धरतात. मी खुर्ची ओढून बंबाला लागून ठेवली, म्हणजे शेक मिळेल. "आणि दार लोटून घ्या, ऊब जाते सगळी," असंही बजावलं. ह्यांनी मान डोलवली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चालता चालता माझं डोकं हलकं होत गेलं आणि लाँड्रीच्या दारात पोचेपर्यंत मी अगदी ठणठणीत झाले. ते मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं.

आत कपडे वाळवायची गॅसची मोठी यंत्रं चालू होती. नव्या बाईने काय करावं? जागा नाही म्हणून ओले टॉवेल भिंतीतल्या जाळीवर वाळत घातले होते! माझं टाळकंच सरकलं. मी टॉवेल ओढून काढले आणि माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत तिला फैलावर घेतलं, "ही जाळी झाकायची नाही! गॅसला हवा लागते. हवा नाही मिळाली की ज्योत पिवळी पडते आणि विषारी वायू सुटतो. त्याला वास नसतो. आधी डोकं धरतं, मग झोप येते, मग..."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या बंबाची ज्योत उभी राहिली. पहिल्या दिवशी सुपरवायझर बाईने मला हे पढवलं होतं. तेव्हापासून मी पोपटासारखी प्रत्येकीला पढवत आले होते. मुडदा बशिवला माझ्या अकलेचा!

ह्यांना फोन लावला. वाजत राहिला. ठकूला लावला. तोही वाजत राहिला. सुपरवायझर बाईने माझं तोंड पाहून गाडीची किल्ली उचलली. मी तुटक तुटक सांगितलं, आणि तिने वाटेतच रुग्णवाहिकेला फोन केला. मी देवाला एकच म्हणत होते, माझी पोर मला दे. बाकी काही मागणार नाही.

बाई ओरडत होती, आत जाऊ नकोस. मी दार उघडलं ते पदर नाकाला लावून. अंगावर ऊब आली. मी कुणाकडे न बघता आधी भोकाकडे धावले आणि साडी ओढून काढली. मग खिडकी उघडायला गेले, तर उशीजवळची पट्टी हातभर सोललेली. माझी पाठ वळल्यावर ठकूने हळूच केलं असणार. तिचं तोंड त्या फटीशीच होतं. खिडकी सताड उघडली. गार वारा आत घुसला. मी तिला गदागदा हलवलं, थोबाडीत दिल्या. मेलीने डोळे किलकिले केले.

"आई," ती म्हणाली, "थंडी वाजतेय गं."

"वाजू दे," मी म्हटलं. "वाजू दे माझे बाई, वाजू दे." मी हसत होते की रडत होते कोण जाणे.

तिला छातीशी धरूनच मी बंबाकडे वळले. हे खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर, गाल ठकूसारखेच गुलाबी.

"अहो, ऐकलंत का?" मी म्हटलं. "बोलली पोरगी. आपली ठकू बोलली."

ह्यांनी मान डोलवली नाही.