वाघजाईमागची सात घरं

मी एक जुना दूरदर्शन संच आहे. माझ्या लाकडी पेटीत काचेच्या नळ्यांसारखे चौदा व्हॉल्व्ह, एक चित्रनळी आणि एक स्पीकर आहे. पुढे चार बटणं आहेत. मागे पुठ्ठ्याचं झाकण आहे आणि आतली उष्णता बाहेर जावी म्हणून त्याला बासष्ट भोकं पाडलेली आहेत. मित्रांनो, सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. मी त्या पकडतो आणि त्यांचं चित्र करून काचेवर दाखवतो. माझं काम एवढंच.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझी जोडणी झाली. १९७४ साली मी आगगाडीने मळवलीला उतरलो आणि तिथून बैलगाडीत पेंढ्यावर बसून डोंगरापलीकडच्या नव्या करंजवाडीला आलो. गाव नवं होतं, कारण जुनी करंजवाडी धरणाच्या पाण्याखाली गेली होती. सरकारने मला साऱ्या गावासाठी दिलं होतं. सरपंच भिमाजी यांनी चावडीत माझ्यासाठी दोन दारांचं कपाट करून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, तेव्हा शाळेतले गुरुजी घाईने मध्ये आले.

"अहो सरपंच, लांब फोडा! आत पाणी गेलं तर उद्या याचं दहावं घालावं लागेल."

त्या दिवसांत माझं फार कौतुक होई. गुरुजी रोज सुती कापडाने माझी काच पुसत. लोक जेवणं आटोपून येत. पुरुष पुढे, बायका भिंतीकडेला आणि दारापाशी जंगलाकडेच्या ठाकरवाडीची आदिवासी माणसं.

पुढच्या वर्षी दर गुरुवारी माझ्यावर एक मालिका सुरू झाली. महायुद्ध संपलं तिथपासूनची देशाची गोष्ट तीत सांगितली जाई. बोटींतून परतणारे सैनिक, निर्वासितांच्या छावण्या, पहिली निवडणूक, पोलादाच्या भट्ट्या. सारं खरं, जुन्या फिल्मांवरून घेतलेलं. एके दिवशी गुरुजींनी वर्तमानपत्रात वाचून सांगितलं, की पुढचा भाग धरणांचा आहे आणि त्यात आपलं खोरं दाखवणार आहेत.

हे ऐकून ठाकरवाडीची पुतळाबाई उठली आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्यांकडे गेली.

तिचं काम असं होतं. बुडालेल्या प्रत्येक घराबद्दल सरकार वर नव्या गावात दोन गुंठे जागा देत होतं. पण घरांची मोजणी झाली तेव्हा ठाकरवाडीची माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला गेली होती. जाताना त्यांनी रीतीप्रमाणे छपरं उतरवून झाडांवर बांधून ठेवली होती. मोजणाऱ्यांना जमिनीत रोवलेल्या नुसत्या मेढी, म्हणजे खांब, दिसले आणि त्यांनी लिहून टाकलं, 'वस्ती नाही.' पाणी चढल्यावर ती माणसं जंगलखात्याच्या हद्दीत राहू लागली. तिथून त्यांना कधीही उठवलं असतं.

"भाऊसाहेब," पुतळाबाई म्हणाली, "भट्टीवर जायाच्या आदी पिच्चरवाली मानसं आलती. वाघजाईचा फोटू काडला त्यांनी. देवीच्या मागं आमची घरं व्हती. तुमी या बगायला."

"येतो की. पण मावशी, मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ऐकीव लिहिता येत नाही."

गुरुवारी तलाठी आले. चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्यावर आधी नदी आली, मग पायवाट, मग उंबराखालचं वाघजाईचं ठाणं.

"आई गं!" रतनबाई ओरडल्या. त्या सरपंचांच्या कारभारीण. त्यांनी जमिनीला डोकं टेकलं. त्यांच्यामागोमाग सगळी चावडी वाकली. तलाठ्यांनीही टोपी काढून डोळे मिटले.

चित्र दहा सेकंद होतं. देवीच्या मागे, उजव्या हाताला, ओळीने सात घरं होती. छपरं शाबूत होती. एका दारात कोंबड्या होत्या.

"बगितली का? सात! भाऊसाहेब, सात!"

तलाठ्यांनी डोकं वर केलं. काचेवर धरणाच्या सिमेंटचा मिक्सर फिरत होता.

"काय सात?"

"अगं पुतळे," रतनबाई कडाडल्या, "आई म्होरं आली, अन् तू घरं मोजत बसलीस?"

"आईला तुमी वर आनलीया, देऊळ बांधलंया," पुतळाबाई म्हणाली. "घरंच ऱ्हायली तितं."

तलाठी टोपी हातात धरून बसले होते. "मी डोळे मिटले होते, मावशी. न पाहिलेलं कसं लिहू?"

गुरुजींनी दूरदर्शन केंद्राला पत्र टाकलं. आणखीही ठिकाणांहून पत्रं गेली असावीत, कारण दिवाळीनंतर मालिका पुन्हा दाखवू असं उत्तर आलं.

पण मध्ये मावळातला पावसाळा होता. कपाटाला बुरशी आली. माझं कौतुकही तोवर ओसरलं होतं आणि काच पुसायचं कोणाच्या लक्षात राहत नव्हतं. मित्रांनो, माझं चित्र आडव्या रेघांचं बनतं. प्रत्येक रेघ डावीकडून निघते आणि उजव्या कडेला पोचते. ती ओढणारा व्हॉल्व्ह दमला आणि रेघ शेवटपर्यंत जाईना. उजवीकडे दोन बोटं रुंदीची काळी पट्टी पडली.

"सरपंच, कारागीर बोलवायला हवा," गुरुजी म्हणाले.

"कुस्ती दिसतीया न्हवं?"

"कुस्ती मधोमध असते हो."

"मग बास की! कडंला कोन बगतंय?"

सरपंच हसले. सगळे हसले. कारागीर आला नाही.

दिवाळीनंतर तो गुरुवार आला. भिमाजींनी सकाळीच दवंडी दिली, की आज चावडीत कोणी पाया पडायचं नाही, ज्याला पडायचं त्याने आधी देवळात जाऊन यावं. सगळं गाव देवळात जाऊन आलं. पुतळाबाईसुद्धा गेली. तलाठी अगदी पुढे, काचेपासून हातभर अंतरावर बसले.

नदी आली. पायवाट आली. ठाणं आलं. रतनबाईंचे हात आपोआप जुळले. त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. एकही डोळा मिटला नाही.

"एक," तलाठी बोट ठेवून मोजू लागले. चावडी त्यांच्याबरोबर मोजू लागली. "दोन. तीन. चार. पाच. सहा."

मग आवाज थांबला.

पुतळाबाई माणसं ओलांडत पुढे आली. तिने काळ्या पट्टीवर हात ठेवला. "हितं हाय सातवं. माजं हाय. कोंबड्या हायती दारात."

तलाठ्यांनी मान तिरकी करून बघितलं. तोवर मिक्सर फिरू लागला होता.

"मला सहा दिसली, मावशी."

"भाऊसाहेब," भिमाजी घसा खाकरून म्हणाले, "सातवं व्हतं. मी बगितलंय माज्या डोळ्यांनी, जुन्या गावात असताना."

"मोजणीच्या वेळी का नाही सांगितलंत?"

भिमाजी खाली बघू लागले. पुतळाबाईच्या शेजारचा कोंडू, ज्याचं घर सहावं होतं, पुढे आला आणि तिला दंडाला धरून दाराकडे घेऊन गेला.

चार दिवसांनी भिमाजी स्वतः लोणावळ्याला गेले आणि कारागिराला घेऊन आले. त्याने एक व्हॉल्व्ह बदलला. काम पाव तासाचं होतं. तेव्हापासून माझं चित्र पूर्ण दिसतं, पण ती मालिका परत लागली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं, शाळेतलं, चावडीतलं यंत्र थोडंसं बिघडलं तर बाकीचं चालतंय म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. आम्हाला सांगता येत नाही.

ठाकरवाडीच्या सहा घरांना दोन-दोन गुंठे जागा मिळाली. कोंडूच्या दोन गुंठ्यांत दोन चुली पेटतात.