पाणी मागणारी गोजरा

नवापूरच्या मासळी वाळवायच्या खळ्यात त्या दुपारी पन्नास-साठ माणसं उभी होती, तरी माश्यांची भणभण स्वच्छ ऐकू येत होती. बांबूंवर टांगलेल्या बोंबलांच्या रांगांमध्ये, तापलेल्या कोब्यावर, दोन गोधड्यांत गुंडाळलेली दीपा पडली होती. तिचा फक्त चेहरा दिसत होता. लालबुंद आणि कोरडा. तिचे ओठ हलत होते.

"पानी... पानी दे..."

गर्दी एक पाऊल मागे सरली. कारण तो आवाज दीपाचा नाही, हे सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तो गोजराबाईचा होता, आणि गोजराबाई गेल्या वैशाखात याच खळ्यात मेली होती.

तेव्हापासून दुपारी खळ्यात जायला बायका घाबरत. जायचं तर जोडीने जात. कुणी मागून हाक मारली तर वळून बघत नसत. या उन्हाळ्यात आणखी दोघी अशाच पडल्या होत्या, अशाच बरळल्या होत्या, आणि दोघींनीही पाणीच मागितलं होतं.

मी बोईसरला शाळेत विज्ञान शिकवते आणि नवापुरात राहते. शनिवारची शाळा सुटल्यावर घरी येत होते, तो ही गर्दी दिसली. भुतांची मला भीती वाटत नाही. पण एक जिवंत बाई पाणी मागते आहे आणि साठ माणसं ऐकत उभी आहेत, हे पाहून अंगावर काटा आला.

"कोनी पुडं यायचं नाय!" शांतारामबुवा गरजला. हा बाहेरगावचा, दोन वर्षांपूर्वी सुरूच्या बनात झोपडी टाकून राहिलेला. "गोजरा तानेली मेलेली हाय. एक थेंब पानी द्याल, तर ती या अंगात घर करील. तिला तानेनंच भायेर काडायची! भुताला ऊब सोसत नाय. मी बारा वर्सं मसणात बसलोय, मला इचारा!"

बुवाची ही बारा वर्षं दर खेपेला निराळ्या मसणात जात. मागच्या बाईच्या वेळी ती वापीत गेली होती, त्याआधी डहाणूत.

मग त्याने पुरावा दाखवला. दीपाच्या कपाळाला हळद फासली, पांढरं फडकं आपल्या तांब्यात बुडवलं आणि कपाळावर दाबलं. उचललं तेव्हा फडक्यावर लालभडक डाग होता.

"बगा! गोजराचं रगत!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. मी पुढे होऊन गोधडीत हात घातला. दीपाची मान तव्यासारखी तापली होती, आणि एवढ्या पांघरुणातही तिला घामाचा टिपूस नव्हता.

"दमयंतीबाई, गोधड्या काढा. हिला ऊन लागलंय. उशीर केलात तर हातची जाईल."

दमयंती दीपाची सासू. मुलगा बोटीवर समुद्रात, म्हणून घरचा शब्द तिचाच. ती माझ्या आणि दीपाच्या मध्ये उभी राहिली.

"मॅडम, हात नका लावू. गोजरा माजी थोरली बहीन. तिचा आवाज मी नाय वळखणार? माज्या सुनेला न्यायला आलीये ती."

तिच्या डोळ्यांत खरंच भीती होती. तिला समजावत बसायला वेळ नव्हता, कारण दीपाचे ओठ हलायचे थांबले होते.

बुवाच्या तांब्याच्या काठाला पांढरी पुटं चढली होती. मी तांब्यात बोट बुडवलं आणि बुवाच्याच कपाळावर, त्याच्या हळदीच्या पट्ट्यावर ओढलं. पिवळ्यात लाल रेघ उमटली.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग दीपाची नणंद किंजल ओरडली, "अगो बाय! बुवात पन शिरली काय गोजरा?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"तांब्यात पाणी नाही, चुन्याची निवळी आहे," मी म्हणाले. "हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरी करून बघा. रक्त कुणाचंच नाही."

"ही बाई देवाधर्माची..." बुवाने सुरुवात केली, पण किंजलने तोवर दोन्ही गोधड्या ओढून फेकल्या होत्या.

"किंजल, बर्फ कुठे आहे?"

"बोटीसाटी आनलाय, टेंपोत."

"घेऊन ये. आणि १०८ला फोन कर."

ज्या गावात मासळी नासू नये म्हणून टेंपो भरून बर्फ येतो, त्या गावात ही मुलगी तापून मरत होती. आम्ही तिला बोंबील टांगायच्या वलांडीखालच्या सावलीत नेलं, लुगडं सैल केलं, अंगावर बादल्या ओतल्या. फडक्यात गुंडाळलेला बर्फ मानेला, काखांत, जांघांत ठेवला. दोघी बायका सुपांनी वारा घालू लागल्या. दमयंती नुसती बघत होती. मग तिने एकाएकी पुढे येऊन सुनेचे पाय मांडीवर घेतले आणि त्यांवर पाणी ओतू लागली. तोंडाने पुटपुटत होती, "जाऊ नको गो. जाऊ नको." दीपाला म्हणत होती की बहिणीला, मला सांगता येणार नाही.

गाडी येईपर्यंत बुवा नाहीसा झाला होता.

दीपा दोन दिवस शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने किंजलला ओळखलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात दमयंती माझ्याजवळ येऊन बसली.

"मंग त्या दोगी बऱ्या कशा झाल्या, मॅडम? बुवानंच बऱ्या केल्या ना?"

"बुवाने त्यांना झोपडीत नेलं. सुरूची सावली, समुद्राचा वारा, वर संध्याकाळ झाली. त्यांना ऊन कमी लागलं होतं, त्या सावलीने सावरल्या."

"आनि आमच्या खळ्यातच कशी येते ती? बायकांनाच कशी धरते?"

"खळ्याला समुद्राकडून भिंत कधी बांधलीत?"

तिने आठवून पाहिलं. कुत्री मासळी पळवतात म्हणून, दोन वर्षांपूर्वी. त्याच वेळी खाली कोबा घातला होता.

"भिंतीने वारा अडवला. कोबा खालून भाजतो. आणि तुम्ही बायका सकाळपासून पाणी किती पिता?"

ती ओशाळून हसली. "पानी कसं पिनार? पिलं तर जायचं कुटं? आदी भिंतीच्या जागी केवडा होता, त्याच्या आड बसता यायचं."

तिला उत्तर मिळालं होतं. मग तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"मंग गेल्या वैशाखात, गोजरा गेली त्या दिवशी, पानी मागत होती ती... कोन होती?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही.

"गोजराच होती, दमयंतीबाई."

"भूत शिरलंय समजून तिच्या हातातला तांब्या मी काडून घेतला होता."

मी तिचा हात धरून बसले.

पुढच्या ग्रामसभेत दमयंती उठून उभी राहिली. भिंत पाडा, खळ्याजवळ बायकांना संडास बांधा, आणि बारा ते चार खळं बंद ठेवा, असं तिने सांगितलं. "एवडंसं ऊन कोनाला लागत नाय," असं एक जण म्हणाला. "माज्या बहिनीला लागलं," ती म्हणाली आणि खाली बसली नाही. भिंत आता अर्धी पडली आहे. संडासाचं अजून ठरतं आहे.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. उन्हात राबणारं माणूस अडखळू लागलं, बरळू लागलं, त्याचं अंग तापलं, तर अंगात कोण आलं हे शोधू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, दवाखाना गाठा. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी पाजा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. आणि ते काही मागत असेल, तर मागणारं ते माणूसच आहे असं धरून चाला. एवढं मानायला विज्ञानाची पदवी लागत नाही.