तीन वर्षांच्या गुन्ह्याला साडेचार वर्षं

मी कोर्टातली फाईल बोलतेय. दचकू नका. आमच्या वतीनं बाकीचेच इतकं बोलतात, की आम्हाला तोंड उघडायला सवडच मिळत नाही.

माझा जन्म तालुक्याच्या कोर्टात झाला. पिवळा पुठ्ठा, लाल नाडी आणि पोटात वीसेक कागद. आता कमरेचा घेर मात्र विचारू नका.

माझ्यात माणूस एकच, खर्ड्याचा अजिनाथ. त्याच्या डोक्यात आवाज यायचे. तशाच भरात त्यानं शेजारच्या छगनच्या डोक्यात काठी घातली. सात टाके पडले. महिन्याभरात छगन शेतावर जायला लागला, अजिनाथ मात्र तुरुंगात आणि तिथून वर्षभरानं मनोरुग्णालयात गेला. डॉक्टर म्हणाले, याला खटला म्हणजे काय तेच कळत नाही. अशा माणसावर खटला चालवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग मला 'डॉर्मंट'च्या कपाटात ठेवलं. म्हणजे झोपलेल्या केसेसचं कपाट.

खोटं कशाला बोलू? मला बरंच वाटलं. तारखा नाहीत, पानं उलटताना थुंकी लावलेली बोटं नाहीत. मी मस्त घोरले.

दर सहा महिन्यांनी मनोरुग्णालयाचं पत्र यायचं. आमचे क्लार्क कल्याणभाऊ भला माणूस, पण कामाच्या रगाड्यात पत्राची शेवटची ओळ तेवढी वाचायचे. 'आरोपी खटल्यास सामोरा जाण्यास असमर्थ.' की केलं भोक, घातलं माझ्या पोटात. मधली ओळ कुणी वाचलीच नाही. मीसुद्धा नाही. पोटात काय चाललंय याकडे कुठली बाई वेळेवर लक्ष देते?

यंदा ऊसतोडीवरून परतल्यावर अजिनाथची थोरली बहीण बायडाबाई कोर्टात आली.

"सायेब, माझ्या भावाची तारीख कवा हाय?"

"मावशी, तारीख नाही. केस झोपलीय."

"केस झोपली आसंल. माझा भाऊ जागा हाय की!"

"अहो, तो बरा झाला की उठवू केस."

"आन् न्हाई झाला मंग? मरंस्तवर तितंच ठिवता का?"

कल्याणभाऊ खुर्चीतून उठले. त्यांनी विधी सेवेच्या, म्हणजे फुकट वकील मिळतो त्या खोलीतून, अश्विनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी मला ओढून काढलं, माझ्या धुळीनं तीनदा शिंकल्या आणि तिथंच उभ्याउभ्या वाचायला लागल्या.

"कल्याणभाऊ, ही मधली ओळ वाचा."

"'रुग्ण शांत आहे. गोळ्या चालू ठेवून नातेवाइकांकडे सोपवण्यास हरकत नाही.' आयला!"

"सातही पत्रांत आहे. आणि या कलमाला जास्तीत जास्त शिक्षा किती?"

"तीन वर्षं."

"हा आत किती झाला?"

कल्याणभाऊंचा चेहरा उतरला. "साडेचार."

"गुन्हा शाबीत झाला असता, तरी दीड वर्षापूर्वीच घरी गेला असता हो!"

तिसऱ्या दिवशी मी जज्जसाहेबांच्या टेबलावर. ते म्हणाले, "खटला थांबला म्हणून माणूस कितीही दिवस आत ठेवायचा, असं कायदा म्हणत नाही. मुदत केव्हाच उलटलीय." मग बायडाबाईकडे वळले. "सांभाळाल ना? गोळ्या वेळेवर द्याल?"

"द्येईन की सायेब. ल्हानपनापून मीच संबाळलाय त्याला. ह्यो मधीच खंड पडला."

"आणि शेजारी? त्यांची काही तक्रार?"

"त्येंचाच टेम्पो हाय भाईर. त्येला आनायला."

जज्जसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली. माझ्या अंगावर आजवर बऱ्याच सह्या झाल्या, पण इतकी हलकी मी कधीच झाले नव्हते.

मी आता पुन्हा कपाटातच आहे. अजिनाथला खटला अजून कळत नाही, पण घर कळतं. म्हशीला वैरण टाकतो म्हणे. तुमच्या हाती माझ्यासारखी कुणी लागली, तर एवढंच करा: आधी तिच्यातला माणूस कुठं आहे ते विचारा, आणि पत्र पुरतं वाचा.

काल कल्याणभाऊंनी माझ्याशेजारची जाडी फाईल बाहेर काढली. झोपमोड झाली म्हणून ती कुरकुरत होती. मी म्हटलं, "ऊठ गं बये. तुझ्या माणसाला घरी जायचंय."