वॉर्डातल्या पावडरच्या डब्याची कबुली

मित्रांनो, मी नागपुरातल्या एका दवाखान्यातला पावडरचा डबा. चांगला एकवीस वर्षं जुना. माझ्यासारखे डबे आपलं कौतुक सांगतात, मी माझा गुन्हा सांगणार आहे.

सुभद्रा सिस्टरनं नोकरी लागताच मला महाल भागातल्या बाजारातून विकत आणलं आणि झाकणाला भोकं पाडून घेतली. ज्या पेशंटचा लघवी-संडासवर ताबा नाही, त्याची पाठ स्पिरिटनं चोळायची आणि वरून पावडर भरपूर शिंपडायची, हे ती नर्सिंग शिकताना शिकली होती. "सुभद्राच्या वॉर्डात वास म्हणून येत नाही," असं मोठ्या सिस्टर म्हणायच्या, तेव्हा मी काय फुगायचो!

मग सक्करदऱ्याचे चंपतराव आले. डावं अंग लुळं, वाचा गेलेली, अंथरूण सारखं ओलं. सुभद्रा मायेनं दर खेपेला जास्तच शिंपडायची. पावडर लघवीत भिजून तिच्या गुठळ्या व्हायच्या आणि जांघेत वाळूसारख्या घासायच्या. कातडी आधी लाल झाली, मग सोलवटली. चंपतरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. त्यांना बोलता येईना, मला बोलता येईना. अरे देवा, माझी भोकं बुजली का नाहीत!

अशात नर्सेसना ट्रेनिंग द्यायला सरिता मॅडम आल्या. म्हणाल्या, "पावडर बंद, स्पिरिट बंद. कोमट पाण्यानं पुसा, न घासता टिपून कोरडं करा आणि मलमाचा पातळ थर द्या. मग लघवी कातडीला लागत नाही."

सुभद्रा भडकली. "एकवीस वर्षं झाले मले, मॅडम. आता पाठ पुसाले शिकवता काय?"

मॅडमनी चंपतरावांना वळवून ओल्या कापडानं जांघ टिपली. कापडावर राखाडी गुठळ्या आल्या, आणि रक्त.

सुभद्रानं ते कापड हातात घेतलं. "माह्याच हातानं झालं हे? बाबाजी, तुमाले झोंबून राहिलं होतं न? सांगता बी नाही आलं तुमाले!"

त्या दिवसापासून ती मॅडमनी सांगितलं तसंच करते. पण जखम खोल गेलीय, ताप उतरत नाही. आणखी घासलं तर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला फेकायला मात्र सुभद्राचं मन झालं नाही. तिनं मला पलंगाजवळच्या कपाटात मागे सारलं. तिथंच घात झाला.

चंपतरावांची मुलगी सुरुची सुभद्राचं बघून बाबांना पावडर लावायची; ती ट्रेनिंगच्या आधीच तीन दिवसांसाठी गावाला गेली होती, आत्ता दुपारी परतलीय. ट्रेनिंग नर्सेसना मिळालं, तिला कोण सांगणार? सुभद्रा पलीकडच्या पेशंटपाशी पाठमोरी उभी आहे. सुरुचीनं कपाट उघडून मला बाहेर काढलं.

"बाबा, ओलं वाटून राहिलं न? थांबा, पावडर टाकते."

चंपतरावांनी आपला धड हात उचलून मला घट्ट धरलं. सोडतच नाहीत!

"हो, हो, टाकते न! किती घाई बाबा तुमाले," सुरुची हसली आणि एकेक बोट हळूच सोडवू लागली.

आता दोनच बोटं उरलीत. मित्रांनो, मला भंगारात घाला, चेचून टाका, पण सेवा करणाऱ्या प्रत्येक हाताला नीट शिकवा. आणि तुम्हाला तोंड दिलंय देवानं, सुभद्राला हाक मारा. मारा ना कुणीतरी!